ताईचा वाजणारा डबा

दिवाळीत नागपुरात संत्रा बर्फीचे डबे या घरून त्या घरी फिरत असतात. कधी कधी तर आपणच दिलेला डबा आठवड्याभरानं आपल्याच दारी परत येतो. माझ्या थोरल्या बहिणीचा डबा मात्र असा कधी फिरला नाही. दर दिवाळीला ती उमरेडहून एसटीनं यायची. मांडीवर स्टीलचा डबा, त्यावर आमच्या बाबांच्या मागावर विणलेल्या पंच्याची गाठ. आत बेसनाचे लाडू, इतके दाबून भरलेले की डबा हलवला तरी आवाज म्हणून येत नसे.

मला शुगर निघाली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, फक्त ताईला नाही. याच दुखण्यानं भाऊजींचा पाय कापावा लागला होता, आणि पुढे ते गेलेच. अकरा वर्षं त्यांच्या गोळ्या, ड्रेसिंग, सगळं तिनं एकटीनं केलं. आता बहिणीचंही तेच, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून दिवाळीत तिच्यासमोर बसून मी दोन-दोन लाडू खायचे. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी डोळ्यांवर परिणाम दिसतोय म्हणून चांगला दम भरला, तरी सुधारले नाही. माझ्या भित्रेपणाला मी माया म्हणत होते, दुसरं काय.

गेल्याच्या आदल्या दिवाळीला ताई चहा करायला स्वयंपाकघरात गेली ती बाहेर येईचना. जाऊन पाहिलं तर साखरेचा डबा हातात धरून नुसती उभी.

"साखर कमी टाकू का वं?"

"काहून? रोजच्यासारखीच टाक."

त्या दिवशी ती जेवण झाल्याबरोबर निघाली. मला वाटलं, थकली असेल.

गेल्या दिवाळीला आली तेव्हा पंच्याची गाठ तशीच होती, पण डबा टेबलावर ठेवताना खळ्ळकन वाजला. मी गाठ सोडायला गेले, तर तिनं वर हात ठेवला.

"अशी नाही. वाजवून पाह्य आन वळख."

भुलाबाई! लहानपणी आम्ही पोरी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघरी हिंडायचो. गाणी संपली की बंद डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा, त्याशिवाय डबा उघडत नसे. ताईचा कान असा पक्का की शेजारणी तिला फसवायला डब्यात मुद्दाम खडे टाकत. आता साठीची मी डबा हलवत होते आणि पासष्टीची ताई ऐटीत बसली होती.

"शंकरपाळे?"

"नाही."

"चिवडा?"

"चिवडा असा वाजते का? कान कुठं ठेवून आली वं?"

मी हरले. तिनं गाठ सोडली. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, भोपळ्याच्या बिया, आणि मधोमध बरणीभर जवसाची चटणी. सगळं स्वतः भाजलेलं, दाणे सोलून पाखडलेले. साखरेचा कण नाही.

"आन लाडू?" मी चाचरत विचारलं.

"तुह्या मसाल्याच्या डब्यामागं गोळ्यायची पट्टी होती. त्याच गोळ्या तुह्या भाऊजीले अकरा वर्षं दिल्या मी. दुरून वळखते."

मला रडूच कोसळलं. माफी मागायला लागले, तर तिनं थांबवलं.

"तू खोटी बोलली ते राहू दे. मी काय केलं, मालूम हाय? दर दिवाळीले त्यांले म्हणत होती, सणाचा एक लाडू खा, एकानं काय होते? आन ते माहं मन राखाले खात होते."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर माझं दुखणं मनात घेऊन ती दाणे भाजायला बसली, आणि रागावण्याऐवजी माझ्याशी खेळ मांडला. मला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

तिनं मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

"भूक असन तरच खा. माहं मन राखू नको."

भूक नव्हती. मी तसं सांगितलं. ताईनं दाणे परत घेतले आणि हसत डबा झाकला.