ठमाबाईच्या मिरचीतलं पाणी

ठमाबाईला कुणी गरीब गाय म्हणाया लागलं की माझं डोस्कं फिरतं. तिच्या जिभंला हाड न्हवतं. माझ्याशी तर ती नऊ वर्सं एक शबुद बोलली न्हवती. तरी पिंपळीत आमच्या आळीत तिच्यावानी दुसरी बाई झाली न्हाय, हे बी मीच सांगणार. मी तात्याबा. माझं रान तिच्या रानाला लागून, मधी एक बांध.

नवरा पलेगात गेला, मूलबाळ न्हाय. वाट्याला आलेलं वीस गुंठं काळं रान ती एकटी कसायची. पाटाचं पाणी व्हतं म्हणून वांगी, मिरची, कांदा निघायचा. बेस्तरवारी डोक्यावर पाटी घिऊन बारामतीच्या बाजारला चालत जायाची. कुणी भाव पाडून मागितला की त्याची अशी हजेरी घ्यायाची, की तो बिचारा खाली मान घालून दुसऱ्या बाईकडं जायाचा. घासाघीस तिला जमलीच न्हाय कधी.

आमच्या आळीची एक रीत हाय. कुणाच्या घरात दुखणं आलं, की त्याचं काम शेजाऱ्यानं उरकून टाकायचं, पर तोंडानं सांगायचं न्हाय. सांगितलं की समोरच्याची मान खाली हुती, असं आमाला वाटतं. ह्यात ठमाबाई सगळ्यांच्या पुढं. माझी बायको शकुबाई बाळंत झाली तवा आमचं बोलणं बंदच व्हतं. तरी रोज सकाळी दारात टोपलीखाली भाकरी आन् मेथीची भाजी असायाची. कुणाची ते आमी इचारलं न्हाय. एवढी पातळ भाकरी आळीत एकच बाई थापायाची.

बोलणं का बंद झालं, तेबी सांगून टाकतो. नांगरताना म्या तिचा बांध वीतभर कोरला. तिनं चार माणसांत माझा पाणउतारा केला. खरं तर चूक माझीच व्हती, म्हणून तर एवढं झोंबलं. दुसऱ्या साली म्या बांध हुता तसा करून दिला, पर बोललो न्हाय. तीबी बोलली न्हाय.

छत्तीस साली तिचा भाऊ रावजी इंदापूरहून आला. त्याचं तितं किराण्याचं दुकान. माणूस वाईट न्हाय, पर शेताची त्याला किळस. म्हणाला, "आक्का, किती दिस मातीत मरायचं? रान वाट्यानं दे आन् घरी चल." ती न्हाय म्हणाली. तो बी हट्टाला पेटला. शेवटी ठरलं, की ह्या साली मिरची साधली तर त्यानं परत इषय काढायचा न्हाय, आन् न्हाय साधली तर तिनं मुकाट गठुळं बांधायचं. ती शकुबाईला म्हणाली, "सणाला जाईन की. पर भावजयीच्या हातचं मोजून वाढल्यालं रोज कुणी खायाचं?"

त्या साली पाऊस न्हवता, सगळी भिस्त पाटावर. पाटाच्या पाण्याची प्रत्येकाची वेळ ठरल्याली असती. ती चुकली तर बारा दिस थांबायचं. ठमाबाईची मिरची मातूर झकास व्हती. मांडीएवढी झाडं, फुलांनी भरल्याली. येता-जाता म्या चोरून बघायचो आन् जळायचो.

भादवा लागला आन् हिवताप आला. पाट झाल्यापासनं डास हटत न्हाय आमच्याकडं. दर साली आळीतली चार माणसं आडवी व्हत्यात. त्या साली ठमाबाई पडली. तापानं असं हुडहुडायची की खालची बाज वाजायाची. सरकारी कोयनेलची गोळी खाऊन कानात नुसता आवाज. आन् मंगळवारी तिची पाण्याची वेळ.

मंगळवारी पलीकडल्या बिरदेवानं तिच्या वेळंला तिचं दारं धरलं, पाटाचं पाणी सरी-सरीत फिरवलं आन् मिरची भिजवून टाकली. कुणाला सांगितलं न्हाय. बुधवारी वरच्या अंगाच्या प्रयागबाईनं आपल्या पाण्यातलं घटकाभर पाणी तिकडं वळवलं. म्हातारीची नजर अधू, माती वली का कोरडी ते तिला दिसलं न्हाय. तिनंबी सांगितलं न्हाय. आन् बेस्तरवारी माझी वेळ.

मला वाटलं, मंगळवार तर गेला, ठमाबाई बाजंवर, मिरची तहानंली असंल. दिवस उगवायच्या आत म्या बांधाला खांड पाडली आन् पाणी तिच्या रानात सोडलं. तितं थांबून बघाया पाहिजे व्हतं. पर कुणी बघितलं तर? नऊ वर्सं न बोलणारा तात्याबा ठमाबाईचं दारं धरतूय म्हणून आळीनं हसावं, हे माझ्यानं सोसलं नसतं. वेळ सरली की पाटकरी वरनं पाणी बंद करीलच, असा इचार केला आन् वांग्याची गाडी जुपून बारामतीला निघून गेलो.

सांजच्याला आलो तर मिरचीत गुडघाभर पाणी. काळं रान ते, पाणी सोडंना. झाडांनी माना टाकल्या व्हत्या. म्या गुपचूप खांड बुजवली आन् घरी जाऊन न जेवता निजलो. शकुबाईला डोकं दुखतंय म्हणालो.

शुक्रवारी ठमाबाई घोंगडी पांघरून, काठी टेकत रानात आली. आळी गोळा झाली. बिरदेव म्हणाला, "मंगळवारी म्या दिलतं, आक्का." प्रयागबाई म्हणाली, "बुधवारी घटकाभर म्या." सगळी एकमेकांच्या तोंडाकडं बघाया लागली. म्या जमिनीकडं. ठमाबाई बांधाच्या कडंनं शेवटापतुर चालत गेली, परत आली आन् काही न बोलता घरी गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आमी सगळ्यांनी मिळून चर खणला, पाणी काढलं. पर चार दिसांत मिरची पिवळी पडली. बांधाकडंच्या चार सऱ्या तेवढ्या वाचल्या.

आठव्या दिशी रावजी सर्व्हिस मोटारीनं आला. रान बघितलं. अंगणात येऊन म्हणाला, "आक्का, ठरल्यापरमाणं." तिनं मान हलवली आन् आत जाऊन गठुळं बांधाया घेतलं. आळी दारात उभी. बिरदेव नखं कुरतडत व्हता. बोलायचं कुणी आन् काय? बोलायची रीतच न्हाय आमची. चांगलं करून गप बसायचं, आन् वाटोळं झालं तरी गपच बसायचं. त्या दिशी त्या रीतीची मला चीड आली. माझी बी आली.

म्या उंबऱ्याजवळ गेलो आन् म्हणालो, "रावजी, मिरची तिच्या हातनं गेली न्हाय. सकाळधरनं दुपारपतुर पाणी म्या सोडलं आन् बाजारला गेलो. भल्यासाठी केलं, पर बघितलं न्हाय. चोरासारखा गेलो. माझ्या रानात मिरचीच्या वीस सऱ्या हायती. त्यातल्या धा तिच्या. तिनं तोडायच्या, तिनं इकायच्या. हिला मिरची साधली न्हाय असं तुमाला म्हणता यायचं न्हाय."

आतनं गठुळ्याचा आवाज थांबला. ठमाबाई दारात आली आन् नऊ वर्सांनी माझ्याकडं सरळ बघून बोलली.

"मला ठावं हाय. शुक्रवारीच बघितली म्या बांधाची वली माती. आदल्या दिशी बुजवल्याली खांड कळत न्हाय व्हय मला?"

म्या म्हणालो, "मग तवाच का न्हाय बोललीस?"

"तू बोलतूस का, बघत व्हते. आठ दिस बघितली वाट. आज गठुळं बांधाया घेतलं तवा तुझं तोंड उघडलं." पदरानं तिनं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तुझी मिरची बारकी हाय. धा न्हाय, बारा सऱ्या घीन."

म्या व्हय म्हणालो. ती रावजीकडं वळली. "तू लांबनं आलायस. पाय धू. भाकरी टाकते, जेवून जा."

रावजी पाय धुवाया गेला. ठमाबाईनं माझ्याकडं बघून इचारलं, "तू जेवलास का?" म्या न्हाय म्हणालो. त्या दुपारी मी आन् रावजी तिच्या घरात शेजारी बसून जेवलो, आन् चारच्या मोटारीनं रावजी एकटाच इंदापूरला गेला.