पोपटायच्या थव्यात

शेजारच्या गजूनं दोन बजी, म्हणजे लोक ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ते, सोडायला अंगणात आणले. पिंजऱ्यातल्या कांगणीच्या दाण्यांचा कोरडा, गोडसर वास आला आणि मला आमचा माग आठवला. बायको कोशाचं रेशमी कापड विणायची आणि आमचा हिरवा बजी मागाच्या ठोक्यावर बडबडायचा. ती माहेरी गेलेली असताना, एका संक्रांतीला मी पुण्य म्हणून त्याला सोडलं. समोरच्याच कौलावर कावळ्यांनी त्याला फाडलं.

"कुठी गेला जी?" तिनं परतल्यावर विचारलं.

"पोपटायच्या थव्यात."

"बरं झालं. मले कावळ्यायचं भेव वाटे."

ती वारली तोवर मी तिला खरं सांगितलं नाही.

"काका, सोडून राहिलो. पुण्य लागन," गजू म्हणाला.

"माहा बजी कावळ्यायनं खाल्ला, गजू," मी पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितलं आणि पिंजरा त्याच्या हातातून काढून घेतला.