हात मागं बांधून

माझे वडील गुळाच्या अडतीवर हमाल होते. दिवसभर ढेपा वाहून सांजेला घरी आले की खांद्यावरचा सदरा गुळानं कडक झालेला असायचा. सदरा एकच. तो धुऊन वाळेपर्यंत ते उघडेच चुलीपाशी बसून राहायचे. मी मॅट्रिक झालो त्या सांजेला कॉलेजच्या फीचा विषय निघाला आणि ते तसेच उशिरापर्यंत चुलीपाशी बसले.

मला तारलं ते उंचीनं. आमच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या संघात घेतलेल्या गरीब पोराला नादारी मिळायची, म्हणजे फी पूर्ण माफ. मी चेंडू हातात धरला आणि बी.ए. होऊन बाहेर पडलो. आमच्या गल्लीतला पहिला. माझा संघातला जोडीदार, एका नालबंदाचा पोरगा, त्याच वाटेनं शिकला. संस्थान विलीन झालं त्या सुमारास मी शाळामास्तर होतो, तो कचेरीत कारकून.

एके दिवशी आमच्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"संघ बंद करावा म्हणतोय," ते म्हणाले.

कारण आम्हाला ठाऊक होतं. आमची सगळी पोरं तालमीतली. हातात आलेला गडी सोडायचा नाही, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन निसटला की यांचा हात आपसूक त्याच्या कमरेला. मग पंचाची शिट्टी, फाउल. फाउल भरले की खेळाडू बाहेर. परगावच्या सामन्यात शेवटी आमची दोनच पोरं मैदानात उरली होती आणि लोक ओरडत होते, "अहो पैलवान, आखाडा पलीकडं आहे!"

"वर्षभर तुम्ही शिकवा," प्राचार्य म्हणाले. "पुढच्या सामन्यात पाचही जण शेवटपर्यंत उभे राहिले तर संघ राहील. नाहीतर नाही."

संघ गेला की नादारी गेली. आमच्यासारख्या पोरांनी मग कुठं जायचं?

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "बी.ए. झालास, आन् आता पोरांस्नी चेंडू टाकाय शिकवनार व्हय?"

"त्या चेंडूनंच बी.ए. केलंय की, आबा."

त्यांनी भाकरीचं ताट माझ्याकडं सरकवलं. पुन्हा तो विषय काढला नाही.

नोकरी आटपून आम्ही रोज मैदानावर जायचो. बोलून काही होईना. मग जोडीदारानं एका सांजेला पोरांचेच पटके घेतले आणि एकेकाचे हात पाठीमागं बांधले. "आता आडवा गड्याला. नुसत्या पायानं."

पोरं खवळली. त्यांतला सगळ्यात दांडगा गडी म्हणाला, "वस्ताद, आमी काय कळंब्याच्या जेलातलं कैदी हाय व्हय?"

"कैदी परवडला," जोडीदार म्हणाला, "त्यो निदान गप उभा ऱ्हातो. चल, सरक!"

पडली, गुडघे फुटले, आम्हाला शिव्या घातल्या. पण दुसऱ्या दिवशी आली. पावसाळा सरला, थंडी पडली, तेव्हा कुठं हात मोकळे असतानाही पाय आधी हलू लागले.

सामन्याच्या दिवशी आम्ही दोघं कडेला उभे होतो. खेळ अगदी संपत आलेला, दोन्ही बाजू बरोबरीत. समोरचा एक चपळ पोरगा आमच्या दांडग्या गड्याला चकवून निसटला. या गड्याचे फाउल भरतच आलेले. आणखी एक झाला की बाहेर. त्याचा हात उठला. जोडीदारानं माझं मनगट आवळलं. आणि त्या गड्यानं उठलेला हात पाठीमागं नेला, दुसऱ्या हातानं तिथंच धरून ठेवला आणि तसाच धावला. चेंडू जाळीतून खाली आला. आम्ही हरलो.

गडी येऊन आमच्यासमोर उभा राहिला. डोळे भरलेले. "धरला असता तर सुटला नसता, वस्ताद."

"म्हाईत हाय," जोडीदार म्हणाला आणि त्याच्या पाठीवरची धूळ झटकू लागला.

मी मैदानाकडं पाहिलं. बाकीचे चौघे अजून आत उभे होते.

संघ राहिला, नादारीही राहिली. ते पाचही जण पुढं पदवीधर झाले.