सुटीचा खोकला

परतूरच्या एका जिनिंगमध्ये माझी माय सरकी काढायच्या रेच्यावर कापूस घालायची. ही एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. दिवाळीपासून होळीपर्यंत जिन चालायचं. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा भुवया, पापण्या, कानामागचे केस सगळे पांढरे. मी तिला "आली माझी म्हातारी" म्हणून चिडवायची. मग तीही कंबरेत वाकून थरथरत्या आवाजात पाणी मागायची. फार नाटकी होती माझी माय.

जिनला सुटी बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी ती डोक्यावरून न्हायची, माझी वेणी घालायची आणि चुकूनसुद्धा खोकायची नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आली की मात्र छाती धरून बसायची. खोकला, कणकण, दम पुरायचा नाही. तिसऱ्या दिवशी थोडं कमी, मग आणखी कमी. पुन्हा सुटी झाली की पुन्हा तेच.

आधी आम्ही बाजारातल्या भज्यांवर आळ घेतला. मायने रडतखडत भजी सोडली. काही फरक पडला नाही. मी तेव्हा आठवीत, वर्गात पहिली, आणि शिष्टपणा त्याहून वरचा. भिंतीवर कोळशाने तिच्या खोकल्याचे दिवस मांडले आणि निकाल देऊन टाकला, "माय, तुला सुटी बाधते."

माय खूश. "बराबर हाय! आंग बसून राह्यलं की बिघडतंय." तिने मुकादमाला गाठलं आणि सुटीच्या दिवशी जिन झाडायचं काम मागून घेतलं. आणि खरंच तो खोकला कमी झाला. मी महिनाभर गल्लीत मिरवत होते.

पुढच्या हंगामात अर्धी घागर आणतानाही ती दोनदा खाली टेकायला लागली. तिला घेऊन मी जालन्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी काम विचारलं, आणि लगेच म्हणाले, "सुटीनंतरच्या दिवशी जास्त व्हायचं का?" मी चमकले. कापसाची बारीक धूळ छातीत जाते, ते सांगत होते. सुटीत छाती जरा मोकळी होते, म्हणून परत कामावर गेलं की ती धूळ जोरात लागते. रोज गेलं तर छाती कुरकुर करत नाही एवढंच; आतून बिघडत राहते. तो एक दिवस तरी तिला मिळायला हवा होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो दिवस मीच काढून घेतला होता. मायला त्यातलं किती कळलं, मला आजही ठाऊक नाही. दम घेत घेत, कौतुकाने माझ्याकडं बोट दाखवून ती म्हणाली, "साहेब, तुम्ही आत्ता सांगून राह्यले. माझ्या पोरीनं गेल्या सालीच दिवस बराबर धरला व्हता."