औषधानं उपास मोडत नाही

बनुबाई दरेकरांच्या उपासावरून आळीला वार कळायचा. ओट्यावर भगर निवडत बसल्या की समजायचं, उद्या सोमवार. नुसत्या पाण्यावर दिसल्या की एकादशी. गुरुवार, चतुर्थी, नवरात्र वेगळंच. आईचे जेवायचे दिवस शोधावे लागतात, असं त्यांचा मुलगा गोरक्ष साखर कारखान्यातल्या सोबत्यांना हसत सांगायचा.

रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा त्यांच्यापुढे मोठाच पेच पडला. त्यांनी सप्ताहाला आलेल्या महाराजांना भर मंडपात विचारलं, एकादशीला गोळी चालते का? महाराज म्हणाले, औषधानं उपास मोडत नाही. ते वाक्य बनुबाईंनी पदराला गाठ मारून ठेवलं.

गोरक्षच्या सृष्टीला तिसऱ्या वर्षापासून आकडी यायची. डोळे फिरायचे, अंग ताठ व्हायचं, आणि प्रत्येक झटक्यानंतर शिकलेलं काहीतरी पुसलं जायचं. औषधं बदलून झाली, देवऋषी झाले. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी वेगळाच आहार लावला. साखर, भाकरी, भात बंद. तूप, लोणी, साय, खोबरेल, अंडी, आणि तेही काट्यावर तोलून. शरीर साखरेऐवजी चरबीवर चालायला लागलं की काही मुलांचे झटके थांबतात, असं त्यांनी समजावलं. औषधाचं सिरपसुद्धा बंद करून त्याच्या गोळ्या कुटून द्यायला लावल्या. चारी बाजूंनी ऊस, गाळपाच्या दिवसांत हवेलासुद्धा मळीचा वास, अशा गावात हे कसं जमायचं म्हणून सृष्टीची आई पंकजा रडकुंडीला आली होती. बनुबाई मात्र शांत होत्या. हा तर उपास आहे, त्या म्हणाल्या, आणि उपास कसा करायचा ते मला कुणी शिकवायला नको.

खरोखरच नको होतं. अंडी उकडताना नाकाला पदर लावायच्या, पण उकडायच्या. लग्नाला गेल्या तर नातीचा डबा बरोबर. पुजाऱ्यानं पोरीच्या हातावर पेढा ठेवला की तो उचलून स्वतःच्या तोंडात टाकायच्या, म्हणजे देवाचाही मान राहिला आणि पोरीचाही नेम. नुसतं तूप पाजून पोरीचं वाटोळं करताय, असं शेजारच्या पुष्पावती म्हणाल्या, तर त्यांच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला. सकाळी सृष्टीच्या लघवीत पट्टी बुडवायची. ती जांभळी झाली की आहार लागू पडतोय. जांभळी पट्टी बनुबाई लांबूनच देवाला दाखवायच्या. पंकजाला त्याचं हसू यायचं. घरात हसू यायला लागलं होतं हे मुख्य. झटके थांबले होते. सृष्टी कोंबड्यांना नावं द्यायची आणि दिवसभर ‘आज्जे, आज्जे’ करत मागं फिरायची.

थंडीत पंकजाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती कोपरगावला माहेरी गेली. नेमका तेव्हाच सृष्टीला खोकला धरला. बनुबाईंनी जेवणात गुंजभरही फरक केला नाही. खोकल्याला मात्र त्यांनी गोरक्षला लहानपणी द्यायच्या तेच दिलं: सितोपलादी चूर्ण मधात कालवून, बोटावर चाटण. सृष्टीनं किती दिवसांनी गोड चाखलं होतं. ती आजीचं बोट स्वच्छ होईतो चोखायची, आणि मग स्वतःच तोंड उघडून चाटण मागायची. औषध आवडीनं घेणारी पोर पाहून बनुबाईंना भरून यायचं.

पट्टी फिकी पडली. गोरक्षनं डॉक्टरांना फोन लावला. खाण्यात वेगळं काही आलं का, त्यांनी विचारलं. बनुबाईंनी देवाच्या पाटाला हात लावून सांगितलं, काही नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. पोरीला अशक्तपणा आला असावा म्हणून त्यांनी चाटण न चुकता चालू ठेवलं.

मग जो झटका आला तो थांबेचना. गाडीतही नाही, तालुक्याच्या दवाखान्यातही नाही. पुण्यात थांबला तेव्हा फार उशीर झाला होता.

तिथल्या आहाराच्या मॅडमनी पुन्हा सगळं विचारलं, आणि अगदी शेवटी, एखादं औषध दिलं का, असंही विचारलं. “खोकल्याचं चाटन दिलं तेवढं,” बनुबाई म्हणाल्या. “खायाचं काय न्हाई दिलं. औषध हाय ते.” त्या चूर्णात निम्मी खडीसाखर असते, वर मध, मॅडम हळू आवाजात सांगत राहिल्या, या आहारात औषधही खाण्यातच धरावं लागतं. कोपरगावहून तशीच निघून आलेली पंकजा भिंतीशी उभी राहून ऐकत होती.

सृष्टी वाचली. आहार पुन्हा बसला, झटके आवरले. पण उजवा पाय ओढला जाऊ लागला आणि बोलणं गेलं. वाट पाहू, डॉक्टर म्हणाले.

पंकजा सासूशी कामापुरतंही बोलेना. बनुबाईंनी तक्रार केली नाही. काटा, तूप, पट्टी, सगळं त्या पहिल्यासारखंच करायच्या, फक्त पट्टी देवाला दाखवायच्या नाहीत.

एका एकादशीला देव घासताना पंकजाला पाटामागं रक्तदाबाच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. बनुबाईंच्या पायावर सूज का, हे तिला तेव्हा कळलं. गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती त्यांच्यापुढे उभी राहिली.

“आज उपास हाय,” बनुबाई खाली बघत म्हणाल्या. “मोडंल.”

पंकजानं गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. मग म्हणाली, “आत्या, डाक्टरांनी मला सांगितलं हुतं, औषध बी इचारल्याबिगर देऊ नका. मी तुमाला गोडाचं सांगितलं. औषधाचं सांगायचं ऱ्हाऊन गेलं.” तिनं तांब्या पुढे केला. “घ्या. तुमी न्हाई तर तिचं कोन करनार?”

बनुबाईंनी गोळी तोंडात टाकली.

बाजेवर सृष्टी पडली होती. आजीचा हात तोंडाकडे गेलेला तिनं पाहिला. शब्द एकही राहिला नव्हता, पण तिनं मान उचलली, तोंड उघडलं आणि आजीच्या बोटाकडं बघत राहिली.

बनुबाईंनी बोट मुठीत घेतलं आणि हात पदराखाली लपवला.