उन्हाळ्यात बाळंत होऊ नका म्हणे!

"आखाड पाळला होता का?" नांदेडला संशोधन साहाय्यकाच्या मुलाखतीत डॉ. विशाखा मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. लातूरहून आलेली, नुकतंच लग्न झालेली मी लाजेनं चूर झाले. मॅडम मात्र शांतपणे उत्तराची वाट पाहत होत्या. आषाढात नव्या सुनेला माहेरी धाडायचं, म्हणजे बाळंतपण ऐन उन्हाळ्यात येत नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. दिवस कधी राहावेत हे बायका ठरवतात की त्यांच्यासाठी दुसरंच कुणी, हा मॅडमच्या संशोधनाचा विषय होता आणि आज पंचाहत्तरीतही आहे.

देगलूर भागात गावोगावी फिरून त्यांनी सरळ गोष्ट मांडली. उन्हाळ्यात बाळंतिणीचे हाल होतात, कारण तिथल्या सरकारी प्रसूतिगृहाच्या नळाला पाणी नसतं. ते आधी द्या. आरोग्य खात्यातल्या वरच्या साहेबांनी काय केलं? भिंतीभिंतीवर पत्रक चिकटवलं, "उन्हाळ्यातील बाळंतपण टाळा." पाण्याचं नाव नाही, दोष बायकांच्या माथी! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

मग व्हायचं तेच झालं. एक सासूबाई सुनेला घेऊन त्या प्रसूतिगृहात आल्या, मॅडम आणि मी तिथंच होतो. सून गरोदर, बाळंतपण मे महिन्यात येणार.

"भितीवर लिवलंय न्हाई का, उन्हाळ्यात नगं म्हणून? मोकळी करा हिला," सासूबाई म्हणाल्या. सून मुसमुसत होती. तिला मूल हवं होतं.

मॅडम त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "मावशी, मी बी वैशाखातलीच हाय. माझ्या मायचं काय चुकलं व्हतं?"

सासूबाई म्हणाल्या, "काय बी न्हाई, बाई." आणि सुनेला घेऊन घरी गेल्या.

मॅडमनी उठून ते पत्रक टराटरा फाडलं. कार्यालयानं खुलासा मागवला. त्यांनी एका ओळीत दिला: "पाणी आलं की पुन्हा चिकटवते." मे महिन्यात ती सून बाळंत झाली, तेव्हा मॅडम नांदेडहून स्वतःच्या गाडीत पाण्याचे जार भरून गेल्या होत्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या.

तेव्हा खुलासा मागणाऱ्यांपैकी काही जण आज मॅडमच्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथ काढणाऱ्या समितीत आहेत. शाल पांघरायला सगळ्यांत पुढे, आणि पाण्याच्या फाइलवर सही म्हटलं की यांचे हात दुखतात. लाज वाटायला हवी. संपादकांनी हा परिच्छेद गाळू नये, ही विनंती नाही, अट आहे.

मॅडम, त्या प्रसूतिगृहाच्या नळाला भर वैशाखात पाणी आलेलं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, एवढं निरोगी आयुष्य तुम्हाला लाभो. इथल्या कामाचा वेग पाहता, मी फार मोठं आयुष्य मागते आहे.