मोघम माफी अक्कांना चालत नसे

माझे थोरले दीर त्या दुपारी आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. पायरी चढले नाहीत. आठ महिने त्यांनी ती चढली नव्हती, आणि ही वेळ मीच आणली होती. तिथूनच म्हणाले, "इस्तेरबाई, ती गेली..." आणि मी काय केलं? आधी मुलांना आत ओढलं. जावेसाठी रडू नंतर आलं. लिहिताना लाज वाटते, पण अक्कांबद्दल लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सलोमी. माहेर टाकवे बुद्रुकचं. लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत त्यांचं घर आमच्यापासून चौथं. मी लग्न होऊन आले तेव्हा घाटात विजेची इंजिनं यायची होती आणि माझे यजमान मालगाडीवर ब्रेक सांभाळायचे. गाडीला उशीर झाला की मी हातातलं काम टाकायची. खिडकीतून धुकं बघत बसायची... आणि माणूस सुखरूप घरी आला की त्याच्यावरच तुटून पडायची. कधी चिखलाच्या बुटांवरून, कधी नुसतीच. एकदा अक्कांनी ते ऐकलं. मला शेजारी बसवून म्हणाल्या, "आगं, तू रागावली न्हाईस. तू भ्यालीस. मग त्याला तसं सांग की!" मी म्हटलं, "भ्याले म्हटलं तर माझा विश्वास कच्चा ठरेल. पाळकसाहेब म्हणतात, विश्वास असेल तिथं भय नसतं." त्या हसल्या. "व्हय का? धरून न्यायच्या राती येशूला बी बागेत भ्यानं घाम फुटला व्हता. पाळकसाहेबांपरीस त्यालाच इचार." त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की मला फार भीती वाटते. त्या बिचाऱ्यानं हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाला, मलाही वाटते. आमचा संसार खरा त्या दिवशी सुरू झाला असं मी मानते.

चर्चमध्ये तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन असे; त्याच्या आदल्या शनिवारी एकमेकांच्या घरी जाऊन समेट करायची आमच्या मंडळीत रीत होती. मनात अढी ठेवून भाकर आणि प्याला घ्यायचा नाही. बहुतेक जण दारातूनच "काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा" म्हणत आणि पुढच्या घराला लागत. अक्कांकडे ही डाळ शिजत नसे. "मोघम माफी मला नगं. काय चुकलं ते सांग," असं म्हणून त्या माणसाला खाली बसवत, चहा देत आणि खरं बोलेपर्यंत उठू देत नसत. स्वतःही तशाच सांगत. एकदा मला म्हणाल्या, "तुज्या लेकाचं बाळसं बघून माज्या मनात वंगाळ आलं. मला मूल न्हाई म्हून. माफ कर." अशा बाईपुढे खोटं बोलायचं म्हणजे...

मी तेच केलं. अक्कांना खोकला लागला आणि एक दिवस रक्त पडलं. माझी धाकटी बहीण याच दुखण्यानं गेली होती, तिचे शेवटचे दिवस मी उशाशी बसून पाहिले होते. मी मुलांना त्या घरी जायची बंदी केली. दिरांनाही पायरीखालीच थांबवलं; त्यांनी मुलांचं विचारलं की सांगायची, अभ्यास फार आहे. पेज द्यायची ती वेगळ्या भांड्यातून. ते परत आलं की राखेनं घासून तीनदा उकळायची. पावसाळ्यात कपडे वाळत नसत, भिंतींना ओल, आणि चौथ्या घरातून तो खोकला. मुलगा शिंकला तरी मी त्याच्या कपाळाला हात लावायची. प्रार्थनेला डोळे मिटले तरी कान तिकडेच असत.

समेटाच्या शनिवारी गेले मी. उंबऱ्याबाहेर उभी, पदर नाकाशी. "अक्का, काही चुकलं असेल तर..." आतून आवाज आला, "काय चुकलं, इस्तेर?" सांगायचं इतकंच होतं, भ्याले म्हणून मुलांना तुमच्यापासून तोडलं. "दूध उतू जातंय," म्हटलं आणि पळाले. पुढच्या दोन समेटांना गेलेच नाही. प्रभुभोजनही घेतलं नाही, पोट बिघडल्याचं सांगितलं.

त्यांना जाऊन सहा आठवडे झाल्यावर मी त्या खोलीत पाय ठेवला. खाट एका भिंतीशी होती. आणि पार दुसऱ्या टोकाला, उघड्या खिडकीखाली, एक खुर्ची.

"ही इतकी लांब कशाला?" मी विचारलं.

दीर म्हणाले, "तिनंच ठिवाय लावली. समेटाचा शनवार आला की सकाळधरनं म्हनायची, खुर्ची खिडकीशी सरकवा. इस्तेर भ्याती. तिला लांबनं बसू द्या."

मी त्या खुर्चीवर बसले आणि खाटेकडे तोंड करून सगळं सांगितलं, मुलांची नावं घेऊन, भांड्यासकट. दिरांनी मधे अडवलं नाही. उठताना मी विचारलं, पुन्हा येऊ का?

"या की. पोरास्नी बी आना," ते म्हणाले. मग खाटेकडे बघत हळूच, "का अजून भ्या वाटतंय?"

"वाटतं," मी म्हटलं.